खाली विस्तव, वर विस्तव

आमच्या घरी ओव्हन यायच्या कितीतरी आधी केक होत होता. जाड बुडाच्या कढईत बारीक वाळूचा थर, वाळूवर लोखंडी रिंग, रिंगवर तुपाचा हात फिरवून मैदा भुरभुरलेला ॲल्युमिनियमचा डबा आणि वर घट्ट बसणारं झाकण. वाळू तापायला दहा-पंधरा मिनिटं, केक व्हायला पाऊण तास. नाहीतर मग कुकर, पण शिटी काढलेला, रबर काढलेला आणि आत पाण्याचा थेंबही नसलेला. माझ्या वयाच्या अनेकांच्या घरी पहिला केक असाच झाला असेल. जिथे अंडं चालत नसे तिथे दही आणि खायचा सोडा मिळून अंड्याचं काम करत. रव्याच्या केकचा रवा दह्यात दोन तास भिजला की निम्मं काम झालेलं असे.

या केकची एक खूण होती. खालून खमंग तपकिरी, कडेने सोनेरी, आणि वरून मात्र फिकट, किंचित ओलसर. आई तो ताटात उलटा काढायची आणि तसाच मांडायची, म्हणजे तपकिरी बाजू वर येई. वरची बाजू अशी का राहते याचं उत्तर मला केकने दिलं नाही. ते आजोळच्या धोंडसाने, म्हणजे जून काकडीच्या भाजलेल्या गोड वड्यांनी दिलं.

मराठी स्वयंपाकात भट्टीचं काही नाही, आपण उकडणारी, तळणारी, तव्यावर भाजणारी माणसं, बेकिंग आलं ते परदेशी लोकांबरोबर, असं सहज म्हटलं जातं. पाव आणि बिस्किटांपुरतं ते खरंही आहे. पण बंद भांड्यात, चहूबाजूंनी कोरडी आच देऊन, झाकण न उघडता, नाकाने पारख करत पदार्थ भाजणं याला जर बेकिंग म्हणायचं, तर ते आपल्या चुलीवर फार आधीपासून होत आलं आहे. मला ओव्हन आपलासा वाटला तो याच नात्याने. आणि ज्या पदार्थांनी हे नातं दाखवलं, ते ओव्हन घरोघरी आल्यावरच मागे पडत चालले आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

धोंडसापासूनच सुरुवात करते. रत्नागिरीकडे पावसाळ्यात परसातल्या मांडवावर तवशी लागतात. कोवळी असताना कोशिंबिरीत जाणारी ही काकडी वेलावर जून होऊ दिली की हातभर लांब आणि पिवळ्या-तपकिरी सालीची होते. धोंडसाला असं जून तवसंच लागतं. ते सोलायचं, मधला बियांचा गर काढायचा, किसायचं, आणि सुटलेलं पाणी अजिबात टाकायचं नाही, कारण त्या पाण्यातच रवा शिजणार असतो. तांदळाचा जाडसर रवा थोड्या तुपावर मंद भाजून बाजूला. मग टोपात कीस, त्याचं पाणी, चिरलेला गूळ, ओलं खोबरं, चिमूट मीठ आणि रंगापुरती हळद. गूळ विरघळून उकळी आली की रवा, वेलची, जायफळ, हवे तर काजूचे तुकडे. घट्ट होईपर्यंत ढवळत राहायचं. इथपर्यंत तो एक साधा सांजा असतो. त्याचं धोंडस होतं ते यापुढे.

कल्हईच्या पितळी टोपाला आतून तूप लावून आजी तळाशी हळदीची पानं अंथरायची. त्यावर मिश्रण थापून वर आणखी एक पान. टोप ठेवायचा चुलीच्या वैलावर, जिथे जाळ थेट लागत नाही, नुसती धग पोचते. टोपावर सपाट ताटली, आणि ताटलीवर करवंट्यांचे फुललेले निखारे. हे निखारे ती चिमट्याने कडेकडेने मांडायची, मधे अगदी एखाददुसरा. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मधे ठेवलेस तर मधलं करपतं आणि कडा तशाच राहतात, बाय." मग तासभर त्या टोपाला कोणी हात लावायचा नाही. निखारे विझत आले की वरचे बदलायचे, खालची लाकडं थोडी मागे ओढायची, एवढंच.

वरच्या निखाऱ्यांचं काम काय, हे मला पुष्कळ वर्षांनी नीट समजलं. बंद भांड्यात पदार्थातली वाफ वर जाते. झाकण तिच्यापेक्षा गार असेल तर तिचं पाणी होतं आणि थेंब पुन्हा पदार्थावर पडतात. आमच्या कढईतल्या केकचा माथा फिकट राहायचा तो यामुळे. झाकणच तापलेलं असेल तर थेंब धरत नाहीत, वाफ फटीतून निघून जाते, आणि पदार्थाचा वरचा पापुद्रा कोरडा होतो. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या फारसं पुढे जात नाही. ते सुकलं की चढायला लागतं, आणि साधारण 140 अंशांच्या पुढे साखर आणि प्रथिनं एकमेकांत मिसळून तो तपकिरी रंग आणि तो वास तयार करू लागतात. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये या क्रियेचं वर्णन केलं आणि जगभर ती त्याच्या नावाने ओळखली जाते. आजीने ती निखाऱ्यांच्या मांडणीतून साधली होती. दोन्ही ज्ञानं मला सारखीच थोर वाटतात.

आजीला घड्याळ लागत नसे, कारण तिला वास पुरत. पहिल्यांदा येतो तो काकडीचा हिरवा, पाणचट वास. मग गुळाचा, पाक होताना येतो तसा. नंतर हळदीचं पान दरवळायला लागतं आणि सबंध माजघर भरून टाकतं. हा वास आला की पोरं चुलीभोवती जमायची, पण आजी हलत नसे. तिला हवा असायचा तो चौथा वास, खोबऱ्याच्या तेलाचा आणि भाजलेल्या तांदळाचा, जरासा कडेला लागलेला. तो आला की ती निखारे खाली उतरवायची. तरीही टोप उघडायचा नाही. रात्रभर तसाच मुरायला ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या. गार धोंडस, वर साजूक तुपाचा गोळा. गरम खाणाऱ्याला त्याची खरी चव कळत नाही, असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

पुण्यात मी ते ओव्हनमध्ये करते. गौरी-गणपतीच्या सुमारास मंडईत मोदकांसाठी हळदीची पानं येतात, तेव्हाच जून काकडीही शोधून आणते. 180 अंशांवर पाऊण तास आणि शेवटची दहा मिनिटं फक्त वरची कॉइल, म्हणजे वरच्या निखाऱ्यांची ती जागा. टोरांटोला असलेली माझी मावसबहीण ऑगस्टमध्ये तिथल्या शेतकरी बाजारातून जाड सालीच्या काकड्या आणून करते. हळदीचं पान नसल्याने ती तळाशी केळीचं गोठवलेलं पान घालते आणि वासाची तूट जायफळ वाढवून भरून काढते. फोनवर तिने विचारलं होतं, "ताई, वरून लाल झालं, पण कापताना चिकटतंय, काय करू?" मी म्हटलं, "काही करू नकोस, उद्या सकाळी काप." दुसऱ्या दिवशी फोटो आला, त्यात वड्यांच्या कडा सरळ होत्या.

वरचे निखारे फक्त धोंडसापुरते नाहीत. सीकेपी घरांत कोबीचं भानोलं करतात, बेसनात, कधी कोलंबी घालून. त्याचीही जुनी रीत खाली-वर विस्तवाचीच. गोव्यात तर ही कला बेबिंकात शिखराला पोचली. नारळाचं घट्ट दूध, अंड्याचे बलक, साखर, थोडा मैदा, जायफळ. सरसरीत मिश्रणाचा एक पळीभर थर भांड्यात ओतायचा आणि तो वरच्या निखाऱ्यांवर लाल होऊ द्यायचा. मग त्यावर तूप, त्यावर दुसरा थर. असे परंपरेने सात, काही घरांत त्याहून जास्त. प्रत्येक थर वेगळा भाजायचा, म्हणजे दर वेळी झाकण उतरवा, ओता, पुन्हा निखारे चढवा. नारळाच्या सोडणांची धग यासाठी बरी पडते, कारण ती मंद असते आणि टिकते. नाताळाच्या आधी अख्खी दुपार यात जाते. 2023 मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानातल्या डब्यांवर आता तसं छापून येईल. त्यापेक्षा मला त्या दुपारी चुलीपाशी बसलेल्या बाया जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण थर पुरेसा लाल झाला की नाही हे छापून कुणाला शिकवता येत नाही.

आता पाव. हा बाहेरून आला, पोर्तुगीजांबरोबर, हे उघड आहे. गोव्यात पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, घडले, त्यांनी माडाची ताजी सूर, म्हणजे माडी, घालून पीठ फुगवलं आणि किती प्रकार केले! उंडे, कोंड्याची पोय, चार टोकांचे कात्रे पाव, बांगडीच्या आकाराचं कडक काकण. सुरेत यीस्टही असतं आणि आंबटपणा आणणारे जिवाणूही, त्यामुळे त्या पावाला नुसत्या यीस्टने न येणारी चव यायची. पुढे माडावर चढणारे रेंदेर कमी होत गेले तशी बहुतेक भट्ट्यांत सुरेची जागा यीस्टने घेतली. पोदेराच्या सायकलचा भोंगा मात्र अजून सकाळ-संध्याकाळ ऐकू येतो, आणि तो ऐकून घराबाहेर पिशवी घेऊन उभं राहण्यात जो आनंद आहे तो मी दर वेळी गोव्यात गेल्यावर मिळवतेच.

पण घरी पाव करायला लागल्यावर मला एक गोष्ट लक्षात आली. ती मला फार आवडते, म्हणून जरा विस्ताराने सांगते. आपल्या घरांत पीठ तिंबायचं ज्ञान आहे आणि पीठ आंबवायचंही ज्ञान आहे, पण ही दोन्ही बहुधा एका पदार्थात येत नाहीत. पुरणपोळीची कणीक आठवा. ती पोळीच्या कणकेहून सैल भिजवतात, मग तेल-पाण्याचा हात लावत तिंबतात, आपटतात, ओढतात, तिला तार सुटेपर्यंत. मग दोन तास झाकून ठेवतात. या सगळ्यात गव्हातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं पाण्याच्या मदतीने एकमेकांत गुंतून जाळं तयार करतात, आणि म्हणून ती कणीक दुप्पट पुरण पोटात घेऊनही फाटत नाही. दुसरीकडे आंबोळी, इडली, जिलबी. तिथे पीठ रात्रभर ठेवायचं, थंडीत भांड्याला उबदार कपडा गुंडाळायचा, सकाळी वर आलं की नाही ते पाहायचं, आंबट वास किती चढला ते नाकाने ठरवायचं. या पिठांना तिंबत नाहीत. पावात मात्र दोन्ही एकत्र येतात. तिंबून जाळं करायचं आणि आंबवून त्या जाळ्यात वायू कोंडायचा. ज्या बाईला पुरणपोळीची कणीक कळते आणि इडलीचं पीठ कळतं, तिला पावाचं जवळजवळ सगळं आधीच येत असतं. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी पाव केला नव्हता. मी ओट्यावर पीठ आपटत होते ते थोडा वेळ पाहून त्या म्हणाल्या, "तार सुटली गं, पुरे कर आता." त्यांचं बरोबर होतं. पिठाचा गोळा चिमटीत धरून ताणला तर पडदा झाला, पलीकडचा उजेड दिसण्याइतका पातळ, आणि फाटला नाही.

माझं प्रमाण असं आहे. 500 ग्रॅम मैदा, 320 मिलिलिटर दूध-पाणी, 6 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 9 ग्रॅम मीठ, 25 ग्रॅम साखर आणि 40 ग्रॅम लोणी, पण लोणी शेवटी, तार सुटायला लागल्यावर. वजन करूनच घ्यावं, कारण वाटीत मैदा दाबून भरला की भुरभुरीत भरला यात बराच फरक पडतो. वेळेचं प्रमाण मात्र देता येत नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये पीठ तासाच्या आतच दुप्पट होतं, म्हणून मी गार पाणी घेते. डिसेंबरात तेच पीठ दुप्पट वेळ घेतं. पावसाळ्यात मैद्यातच ओल असते, मग पाणी दोन-तीन चमचे कमी. मला विचाराल तर सगळ्यात उत्तम पाव होतो तो फ्रीजमध्ये रात्रभर हळूहळू फुगलेल्या पिठाचा. गारठ्यात यीस्ट मंदावतं, पिठाला मुरायला अवधी मिळतो, आणि चवीत खोली येते.

बारा गोळे करून ट्रेमध्ये बोटभर अंतरावर लावायचे. फुगून ते एकमेकांना टेकले की वरून दुधाचा हात, आणि 200 अंशांवर अठरा-वीस मिनिटं. ओव्हनमध्ये पहिल्या काही मिनिटांत पीठ शेवटची उसळी घेते. आतलं तापमान चढत जातं, यीस्ट जोमाने वायू सोडतं, आणि साठ अंशांच्या आसपास ते मरतं. तोवर जेवढं फुगायचं तेवढं फुगून घेतलेलं असतं. काचेतून हे पाहत बसायला मला अजूनही आवडतं. बाहेर काढल्याबरोबर लोणी फिरवायचं आणि स्वच्छ पंचा झाकायचा, म्हणजे वरचा पापुद्रा मऊ राहतो. मग लादी मोडायची. शेजारच्या दोन पावांच्या मधल्या भिंती रेशा-रेशांनी सुटतात, आत वाफ असते, आणि त्या वेळी मटकीची उसळ तयार असेल तर त्याहून मोठं सुख मला माहीत नाही.

खपली गव्हाचं पीठ पावात घालायचा मोह सध्या पुष्कळांना होतो. खपलीचं ग्लुटेन दुबळं असतं. खीर आणि पोळीला ती अप्रतिम, पण पावात मैद्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त घातली तर पाव फुगत नाही, बसतो. ज्वारी-बाजरीत तर ग्लुटेन नाहीच. म्हणून तर तिथे गरम पाण्याची उकड काढतात, म्हणजे पिठूळपणा जाऊन स्टार्च चिकट होतो आणि भाकरी थापताना कडेला चिरत नाही. ज्वारीचा पाव करायचा अट्टहास मला पटत नाही. भाकरी हा तिचा पूर्ण झालेला, सुंदर आकार आहे.

बिस्किटांचा रस्ता पावाच्या उलट. लहानपणी साताऱ्यात दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीच्या तोंडावर आम्ही बेकरीत बिस्किटं पाडायला जायचो. घरून रवा, मैदा, पिठीसाखर, तुपाचा डबा न्यायचा. बेकरीवाला नंबर द्यायचा, बहुधा दुपारचा किंवा रात्रीचा, त्यांचा पावाचा घाणा संपल्यावर. कारागीर आपल्या डोळ्यांदेखत सगळं मोठ्या परातीत एकत्र करायचा, साच्याच्या यंत्रातून लांब पन्हाळीदार पट्ट्या काळ्या पत्र्यांवर सोडायचा, बोटभर तुकडे करायचा, आणि लांब दांड्याच्या फळीने पत्रे भट्टीत सारायचा. मजुरी किलोवर. येताना तेलाच्या पत्र्याच्या डब्यात भरून आणलेली बिस्किटं इतकी गरम असायची की डबा पोत्यात गुंडाळून सायकलला बांधावा लागे. घरी आल्यावर डब्याचं झाकण सताड उघडं ठेवायचं, गार होईपर्यंत, नाहीतर आतल्या वाफेने बिस्किटं मऊ पडतात. त्या दिवशी शेजारच्या घरांना वेगळं सांगावं लागत नसे. प्रत्येकाच्या बिस्किटांची चव निराळी, कारण तूप ज्याच्या त्याच्या घरचं.

या बिस्किटांत मला सगळ्यात प्रिय नानकटाई. तिची कथा सुरतेतून सुरू होते असं सांगतात. डचांच्या भट्टीचं काम पुढे दोतीवाला या पारशी कुटुंबाकडे आलं आणि त्यांच्या हाती तिला रूप मिळालं. आपल्याकडे मात्र ती परातीत आली आणि परातीचीच झाली. एक वाटी घट्ट साजूक तूप आणि पाऊण ते एक वाटी पिठीसाखर परातीत घ्यायची आणि तळहाताने घोटायची. चमच्याने नको. तळहाताच्या उबेने तूप बरोबर तितकंच सैल होतं, आणि घोटता घोटता त्यात हवा भरून ते पांढरंशुभ्र, हलकं होतं. एक थेंब पाण्याच्या वाटीत टाकला तर तरंगला पाहिजे. मग दोन वाट्या मैदा, त्यातला थोडा काढून त्याजागी बेसन आणि रवा, म्हणजे बेसनाचा खमंगपणा आणि रव्याची कुरकुर. वेलची, जायफळ, चिमूटभर सोडा. आणि आता मळायचं नाही. पावात जे जाळं हवं असतं ते इथे नको असतं. मैद्याच्या कणांभोवती तुपाचा लेप बसला की ग्लुटेन गुंतत नाही, आणि म्हणूनच नानकटाई दाताखाली विरघळते. बोटांनी नुसतं गोळा करायचं, चपटे गोळे, मधे चारोळी किंवा बदामाचा काप.

160 ते 170 अंश, पंधरा-अठरा मिनिटं. वर भेगा पडतात त्या पडू द्याव्यात, त्याच तिचं सौंदर्य. बाहेर काढताना ती मऊ असते आणि कच्ची वाटते. पण तिला हात न लावता पत्र्यावरच गार होऊ द्यायचं. तूप गोठतं, साखर घट्ट होते, आणि खुसखुशीतपणा येतो तो त्या गारव्यात. मुलांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं, कारण सगळं घर त्या वासाने भरलेलं असतं.

विकतच्या भट्ट्यांचं काय होईल हा विचार मनात येतो. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावं असा आदेश दिला. पावाची चव गेली, असं त्यावर बऱ्याच जणांनी म्हटलं. मला तसं वाटत नाही. पावाच्या भट्टीत चव येते ती मुख्यतः विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेतून, सगळ्या बाजूंनी सारख्या येणाऱ्या धगीतून. धुराचा त्यात वाटा थोडा, आणि त्या धुरात रात्रभर उभ्या राहणाऱ्या कारागिराच्या छातीचा विचार आपण पाव मोडताना करत नाही. भट्टी विटांचीच राहू द्यावी, इंधन बदलावं. छोट्या बेकरीवाल्यांना त्यासाठी पैसा आणि वेळ लागतो, तो त्यांना मिळायला हवा.

जिथे वासाला आणि चवीला विस्तवच हवा असे पदार्थही आहेत. खानदेशात मांडे होतात ते चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर. पुरण भरलेला गोळा हातांवर फिरवत, कोपरापर्यंत पसरवत इतका मोठा आणि पातळ करतात की खापरावर टाकताना श्वास रोखला जातो. हे तवे-ओव्हनवर होणारं काम नाही. मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून विसोबांनी मुक्ताईला अडवलं आणि मग ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवून तिच्यावर मांडे भाजू दिले, ही आख्यायिका मराठी मुलांना भाकरीबरोबरच मिळते. भाजायला भांडं नसणं म्हणजे काय, हे ज्या लोकांना ठाऊक होतं, त्यांनीच ती जपली असणार.

आणि रोडगे. माझं सासर अमरावतीकडचं, त्यामुळे ते मला लग्नानंतर मिळाले. जाडसर दळलेल्या गव्हाची घट्ट कणीक, तेल-मीठ-ओवा. पुरीएवढ्या दोन-तीन पाऱ्या तेल लावून एकात एक गुंडाळायच्या आणि मुठीएवढा गोळा करायचा, म्हणजे आत पदर सुटतात. शेतात गोवऱ्या रचून पेटवायच्या, ज्वाळा पूर्ण बसू द्यायच्या, निखारे पसरायचे आणि त्यावर रोडगे लावायचे. फिरवत फिरवत सगळीकडून चट्टे पडले की वर गरम राख ओढून ते पुरायचे. राख धग सोडत नाही, आणि आतलं पीठ त्या झाकलेल्या उष्णतेत सावकाश शिजतं. इथेही खाली विस्तव, वर विस्तव, फक्त भांडं नाही. मग फडक्यात घेऊन राख झटकायची, मुठीने फोडायचे, वर तुपाची धार, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. नवसाच्या निमित्ताने, हनुमानाच्या नाहीतर महादेवाच्या देवळापाशी, सगळा गाव पंगतीला.

मी ते ओव्हनमध्ये केले. 200 अंश, चाळीस मिनिटं, मधे एकदा फिरवून, शेवटी वरची कॉइल. पदर छान सुटले होते, आत कुठे कच्चं नव्हतं. माझ्या सासऱ्यांनी एक फोडला, नुसता तुपाबरोबर खाल्ला, सावकाश. म्हणाले, "आतून जमला पाहा, बेटा. पण गोवरीची चव याच्यात कुठून येईल?" मग स्वतःच उठून त्यांनी गावी पुतण्याला फोन लावला आणि विचारलं की यंदा गोवऱ्या थापल्या आहेत का. थापल्या आहेत. संक्रांतीनंतरच्या रविवारी शेतावर जायचं ठरलं आहे. वांगी तिथलीच, तूप तिथलंच. गहू जाडसर दळून मी इथून नेणार आहे, आणि या खेपेला राख ओढायचं काम त्यांनी मला द्यायचं कबूल केलं आहे.